मास्तरांची सायकल आणि देवीचा कौल

आमचे घरमालक, म्हणजे मास्तर, वाणी निवडत ते दुकानाची पायरी बघून. डिचोलीच्या बाजारात त्यांच्या वाण्याहून स्वस्त आणि चांगला माल देणारी दुकानं होती, पण त्यांच्या पायऱ्या एक तर फार उंच, नाही तर रस्त्यात बुडालेल्या. मास्तरांना हवी ती उंची या एकाच वाण्याकडे होती. सायकल कडेला घेतली की डावा पाय बरोबर पायरीवर टेकायचा आणि सीटवर बसल्या बसल्या गूळ-चहापत्ती मागता यायची. न्हावी, शिंपी, टपालाची पेटी, सगळं याच मापाने ठरलेलं. पालिकेने रस्त्यावर डांबराचा नवा थर घातला तेव्हा एका औषधवाल्याशी असलेली त्यांची जुनी मैत्री संपली. "माणूस चांगला होता," ते हळहळून म्हणाले, "पण आता त्याची पायरी राहिली नाही."

उजवा पाय लहानपणीच्या तापात वाळला होता. जमिनीवर चालताना त्यांना प्रत्येक पावलाची आधी तयारी करावी लागे. चार पावलं टाकली की थांबायचे, आणि कुणी बघत असेल तर आकाशाकडे पाहून हवेबद्दल काहीतरी बोलायचे. सायकलवर मात्र हा माणूस वेगळाच होता. उजवा पाय चामड्याच्या पट्ट्याने पायडलला बांधायचा आणि सगळं काम डाव्याकडून करून घ्यायचं. चढावरही ते कुणाच्या मागे राहत नसत. "चालतो तेव्हा मला माझा पाय तेवढा दिसतो," ते म्हणत. "सायकलवर बसलो की गाव दिसतो."

मी पेडण्याची. डिचोलीच्या एका मराठी शाळेत ग्रंथपाल म्हणून लागले, तेव्हा तिथेच विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांनी घराची मागची खोली मला भाड्याने दिली. व्यवहाराची बोलणी त्यांच्या बायकोने, काकींनी, केली. मास्तरांनी एकच चौकशी केली, मला सायकल येते का. येत नाही म्हटल्यावर, सातवीच्या पोरीला पाढे येत नाहीत असं कळावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग शाळेच्या मैदानावर त्यांनीच मला शिकवली. स्वतः एका दगडावर बसून. मी पडले की ते काठीने जमीन आपटत आणि म्हणत, "बाय, तू पुस्तक धरल्यासारखं हॅंडल धरतेस. सैल धर, ते पळून जायचं नाही."

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. काकी अजून त्याच घरात आहेत. घराच्या पुढच्या ओट्याला, बाल्कांवाला, दोन्ही बाजूंनी बसायचे बांधीव सोपे आहेत, पण मध्ये सायकल उभी असायची म्हणून पाहुण्यांना गुडघे आवळून बसावं लागे. काकींनी ती अजून हलवलेली नाही. मी गेले की दोघी गुडघे आवळून बसतो आणि त्यांच्याबद्दल बोलतो. बोलताना हसूच जास्त येतं. लिहायला बसल्यावर मात्र एका ओळीपुढे दुसरी यायला वेळ लागतो.

घटक राज्य होण्याच्या आधीचे ते भाषेच्या वादाचे दिवस मी त्याच बाल्कांवात पाहिले. दोन्ही बाजूंची माणसं मास्तरांना आपल्याकडे ओढायला येत. मास्तर भांडत कोंकणीतून आणि लिहीत मराठीतून, आणि यातलं एकही सोडायला तयार नव्हते. शेवटी दोन्ही बाजूंनी त्यांचा नाद सोडला. मास्तरांना त्याचं वाईट वाटलं नाही. सभा संपल्या, रविवार मोकळे झाले, असं ते म्हणाले. माझ्याशीही ते कोंकणीतच बोलत. मी इथे ते मराठीत लिहिते आहे. त्यांनीही तसंच केलं असतं.

मोकळा झालेला रविवार रानासाठी होता. सकाळी लवकर आम्ही दोघांनी सायकलींवर निघायचं, सत्तरीच्या अंगाला जायचं, डांबरी रस्ता संपला की रानातल्या पायवाटेला लागायचं. वाटेवर थोड्या घरांचा एक छोटा वाडा, त्याच्या पुढे देवीचं देऊळ आणि तिची राय, म्हणजे देवराई. रायीतलं लाकूड कुणी तोडत नाही, काटकीसुद्धा उचलत नाही. मास्तर देव मानत नसत, पण रायीच्या कडेने जाताना पट्टा सोडून सायकलवरून उतरत आणि तेवढा तुकडा सायकलला टेकून चालत. त्याचं कारण विचारलं तर म्हणत, झाडांचा मान. राय ओलांडली की पुन्हा सायकल, आणि मग व्हाळ, रानातला ओढा. तिथे पाण्यात पाय सोडून ते तासभर बसत. वाळलेला पाय आणि धड पाय पाण्यात सारखेच वाकडे दिसतात, असं त्यांनी मला एकदा दाखवलं होतं. शाळेतल्या पोरांना प्रकाशाचं वक्रीभवन ते याच पायांनी शिकवत.

घटक राज्याला काही वर्षं झाल्यावर ते रान अभयारण्य झालं. वाटेच्या तोंडाशी आडवा बांबू आला, वाहनांना मनाई असल्याची पाटी आली आणि धाकू नावाचा गार्ड आला. धाकू सावंतवाडीकडचा. उंच, सडपातळ, आणि नेमून दिलेलं काम देवपूजेसारखं करणारा. सुरुवातीला पाटीवरचं वाहन म्हणजे जीप आणि मोटरसायकल असं सगळेच समजत होते, आणि धाकू मास्तरांसाठी बांबू वर करत होता. त्याची तक्रार निराळीच होती. रानात गवे होते. जीपचा आवाज लांबून येतो, गवा बाजूला होतो. मास्तरांची सायकल मुकी. वळणावर गवा आणि मास्तर समोरासमोर आले तर वर काय कळवायचं, ही त्याची काळजी.

मास्तरांना हा मुद्दा पटला. शास्त्रीय मुद्दा होता. त्यांनी आमच्या गल्लीत पाव घेऊन येणाऱ्या पोदेराकडून त्याचा जुना रबरी भोंगा मिळवला. पोदेराबद्दल त्यांना आदर होता, तालुक्यात आपल्याखेरीज खरा सायकलवाला तोच असं ते मानत. पुढच्या रविवारी रानात शिरताना ते दर वळणावर पों पों करत गेले. गवा दिसला नाही. पण वाड्यापाशी पोचलो तर घराघरांतून बायका टोपल्या घेऊन रस्त्यावर उभ्या. त्या वाड्यावर पोदेर कधी पोचतच नसे. इतक्या वर्षांनी आला म्हणून सगळ्या धावत आल्या होत्या. मास्तरांच्या रिकाम्या कॅरिअरकडे पाहून एक म्हातारी त्यांना जे बोलली ते ऐकून मागून आलेल्या धाकूने तोंड फिरवलं.

त्यानंतर दर रविवारी आमच्या सायकलींवर गोल पावांची, म्हणजे उंड्यांची, पिशवी असे. काकी म्हणायच्या, तीस वर्षं घरात एक पाव आणला नाही, आणि आता रानाला जेवू घालतात.

घात केला तो पावसाने आणि हरमलच्या पाहुण्यांनी. तिकडे किनाऱ्यावर खोल्या घेऊन राहणारे काही तरुण जाड टायरांच्या सायकली जीपच्या टपावर बांधून आले. भर पावसात, वाट लोण्यासारखी मऊ असताना, ते उतारावरून खाली-वर करत राहिले. रायीच्या कडेने वाटेत खोल चर पडले, पाणी त्यातून वाहू लागलं आणि एका जुन्या झाडाची मुळं उघडी पडली. एक जण पडला, त्याला धाकूने पाठीवर घेऊन बाहेर आणलं. मग वरून हुकूम आला, सायकलसुद्धा बंद.

त्या रविवारी बांबू वर झाला नाही.

मास्तरांनी आधी वाद घातला. तुमच्या खात्याची जीप आत जाते. गुरं जातात. शिरगावकडे खाणवाले अख्खा डोंगर ट्रकात भरून नेतात त्याला परवाना मिळतो, आणि मी डोंगराकडे जातो तर मनाई. धाकूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमी बोलतात तां खरां. पण बांबू माझ्या हातात आसा, हुकूम नाय." मास्तर परत फिरले. मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं की इतरांना सायकल सोडून चालत जाता येईल, यांना नाही. बांबूपासून व्हाळापर्यंतची वाट धडधाकट माणसाची अर्ध्या तासाची. मास्तरांसाठी ती संपली होती.

रेंजर बेळगावकडचा तरुण होता, सभ्य होता. आम्ही त्याच्या कचेरीत गेलो तेव्हा त्याने मास्तरांना खुर्ची दिली, पायाकडे पाहिलं आणि स्वतःहून सुचवलं की अपंग म्हणून अर्ज करा, मी लगेच शिफारस करतो, तुमच्यापुरती सवलत मिळेल. मला हायसं वाटलं. मास्तर म्हणाले, "मी सायकलवाला म्हणून आलो आहे. चर कोरणाऱ्यांना थांबवा, पावसाळ्यात सगळ्यांनाच थांबवा, मलासुद्धा. पण कोरड्या दिवसांत नीट चालवणाऱ्याला आत सोडा. सगळ्यांना सोडा. माझा पाय मध्ये आणू नका, तो पुष्कळ वर्षं मध्ये येतो आहे."

रेंजर म्हणाला की वाट गावाची, गावाची हरकत नसेल तर कोरड्या दिवसांपुरतं तो वर लिहील.

गावाची हरकत कसली असणार. उंडे बंद झाल्यापासून वाड्यावरच्या बायकाच धाकूला टोमणे मारत होत्या. पण वाट रायीला लागून जाते, झाडाची मुळं उघडी पडलेली सगळ्यांनी पाहिली होती. अशा गोष्टीत माणसांनी ठरवायचं नसतं. गावाचा मानकरी असलेल्या म्हाताऱ्या गावकाराने सांगितलं, देवीला कौल लावूया.

आता अडचण अशी की कौलाबद्दल मास्तरांचं मत सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. ओल्या केलेल्या दोन पाकळ्या मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतात. गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर देवी होय म्हणाली, डावी पडली तर नाही. मास्तर हे दरवर्षी वर्गात बाष्पीभवनाच्या धड्याला शिकवत. समई ज्या बाजूला, त्या बाजूची पाकळी आधी सुकते आणि पडते. एखाद्या पोराने विचारलंच, की मग समई उजवीकडे असून कधीकधी डावी कशी पडते, तर म्हणत, त्या दिवशी दार उघडं असेल. त्या वाड्यावरची कितीतरी माणसं हा धडा त्यांच्याकडूनच शिकलेली. तरी सगळे देवळात आले. काकीही आल्या. रेंजर बूट काढून कोपऱ्यात उभा राहिला. मास्तर भिंतीला टेकून, चेहरा शक्य तितका कोरा ठेवून बसले.

समई मूर्तीच्या उजव्या अंगाला तेवत होती. गुरवाने पाकळ्या लावल्या. गावकाराने गाऱ्हाणं घातलं, की आई, हो मास्तर तुझ्या रानाक जीव लावून आसा, पायान अधू आसा, तुझी राय इली की सायकलीवरून उतारता, तेका वाट दी. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मास्तर म्हणाले नाहीत, पण त्यांचा डावा पाय हलताना मी पाहिला.

फार वेळ लागला नाही. उजवी पाकळी पडली.

देवळात एकदम बोलणं सुरू झालं. बायका हसल्या. धाकूने हात जोडले, आणि मला वाटतं त्याचे डोळे भरले होते. रेंजर मान डोलावत होता. काकी माझ्या कानात म्हणाल्या की झालं बाई एकदाचं. तेवढ्यात मास्तर भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "समई डावीकडे ठेवा आणि परत लावा."

कुणाला काही कळेना. गावकार शांत माणूस. त्याने विचारलं, "मास्तर, देवी व्हय म्हणता. आनी कित्याक विचारतात?"

"ती म्हणाली की दिवा म्हणाला, ते मला कळायला हवं," मास्तर म्हणाले. "तीस वर्षं पोरांना सांगत आलो की दिवा म्हणतो. आज माझं काम आहे म्हणून देवी म्हणाली असं कसं म्हणू?"

काकी मोठ्याने म्हणाल्या की जन्मात एकदा तरी गप्प राहा. लोक हसले, मास्तरही हसले, पण बसले नाहीत. मन भरलं नसेल तर दुसऱ्यांदा विचारायला हरकत नसते, असं गावकाराने गुरवाला सांगितलं. समई उचलून डाव्या अंगाला ठेवली. नव्या पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं पुन्हा झालं. या वेळी व्हय म्हाराजा फार हळू आलं.

मी आयुष्यात इतक्या लक्षाने कशाकडे पाहिलेलं नाही. उजव्या पाकळीची कड जरा सुटली, वाटलं पडते. तेवढ्यात डावी निसटली आणि देवीच्या पायाशी येऊन पडली.

"पाहिलंत?" मास्तरांनी टाळी वाजवली. वर्गात प्रयोग जमला की ते वाजवत तशी. चेहरा लखलखीत झाला होता. त्यांनी चहूकडे पाहिलं, कुणीतरी होकार द्यावा म्हणून. सगळे नुसते त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं. टाळीसाठी जोडलेले हात तसेच राहिले, आणि त्याच हातांनी त्यांनी नमस्कार केला. समईला की देवीला, ते मी विचारलं नाही.

रेंजर म्हणाला की त्याला पहिला कौल पुरे. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. दोन प्रयोगांचे दोन निकाल आले, त्यातला मला हवा तो उचलला तर उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभा राहू, असं ते म्हणाले. गावकाराला हे पटलं, वेगळ्या कारणाने. देवीने शेवटी सांगितलं ते खरं. त्या दिवशी त्या दोघांइतकं एकमत देवळात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. बायका मात्र परत जाताना म्हणत होत्या की शिकून माणूस असा होतो.

पुढचा रविवार आला तेव्हा मला वाटलं, आता ते निघणार नाहीत. ते निघाले. बांबूपाशी पोचल्यावर पट्टा सोडला, सायकल धाकूच्या खोपीला टेकवली, उंड्यांची पिशवी माझ्याकडे दिली, काठी घेतली आणि बांबूखालून वाकून आत गेले. चार पावलं चालून थांबले, आकाशाकडे पाहिलं, हवा बरी आहे म्हणाले. पुन्हा चार पावलं. पहिल्या वळणावर एका झाडाला टेकून त्यांनी सांगितलं की आज इथवर. घामाने सदरा भिजला होता. धाकू मागून आला, खोपीतल्या चुन्याने त्याने झाडावर खूण केली. मास्तरांनी नीट पाहिलं. धाकूने पुढच्या झाडावर खूण केली होती. मास्तर म्हणाले, ती पूस आणि या झाडावर कर. धाकू म्हणाला, एकाच झाडाचो फरक. मास्तर म्हणाले, पूस.

तो सगळा हिवाळा आणि नंतरचे कित्येक हिवाळे हेच चाललं. मास्तर थोडं पुढे सरकत, धाकू त्याहून पुढे चुना लावी, मास्तर तो पुसायला लावत. भांडण इतकं रंगे की वाड्यावरची माणसं ते ऐकायला येऊन उभी राहत. कधी तब्येत साथ देत नसे आणि मागच्या खुणेपर्यंतही पोचणं होत नसे. तेव्हा मास्तरच म्हणत की आज वाट लांबली. एका वर्षी ते वाड्यापर्यंत पोचले आणि उंडे स्वतःच्या हाताने वाटले. त्यानंतर एकदा देवीच्या देवळापर्यंत. पुढे राय मागे टाकली आणि एका किंदळाच्या बुंध्याला टेकून थांबले. तिथून व्हाळाचा आवाज ऐकू येतो. डोळे मिटून त्यांनी तो बराच वेळ ऐकला. किंदळाच्या पुढे ते कधी गेले नाहीत. नंतर पायाने ऐकणं सोडलं, आणि मग छातीनेही.

गेल्या हिवाळ्यात मी एकटीच गेले. धाकूच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत, निवृत्ती जवळ आली आहे. त्याने चहा केला, मग म्हणाला की चला, आत जाऊन येऊ. वाटेने जुन्या खुणा होत्या, पावसाने धुऊन फिकट झालेल्या, तरी ओळखू येणाऱ्या. प्रत्येक खुणेपाशी आम्हाला त्या त्या दिवसाचं भांडण आठवलं आणि आम्ही हसलो. किंदळाशी मी थांबले. धाकू थांबला नाही. मी मान वर केली तर पुढच्या झाडावर चुना होता. त्याच्या पुढच्यावरही. ताजा, पांढरा. खुणा वळणावरून खाली उतरत थेट व्हाळाच्या काठच्या झाडापर्यंत गेल्या होत्या.

आम्ही पाण्याशी उभे राहिलो. धाकू पाण्याकडे बघत होता.

"मास्तर इथवर पोचले नव्हते," मी म्हणाले.

"आता पावले," तो म्हणाला.

"मी दर रविवारी बरोबर होते, धाकू. मास्तरांनी हे चालवून घेतलं नसतं."

"नसतां," तो म्हणाला. "पुसूक लावल्यानी असतां. म्हणान तर ते आसताना चुनो मारलंय नाय."